एका ठिपक्यातून रेघ

ताई,

परवा तुझी तेरवी झाली. शेवटची पंगत उठत आली होती. गावाकडचे आपले दूरचे काका हात धुता धुता शेजारच्या माणसाला सांगत होते, "जिंदगीभर त्या रेडिएशनच्या मांगं लागली होती बाई. शेवटी त्यानंच नेलं." त्या माणसानं मान डोलावली. मी भात वाढत होतो, तो तसाच उभा राहिलो. तू असतीस तर ताट बाजूला सारून म्हणाली असतीस, "काका, दोन मिनिटं बसा," आणि त्या दोन मिनिटांचा तास झाला असता. मी छातीचा डॉक्टर. या शहरातली फुफ्फुसं ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले. काका चुकले असं मला म्हणता येत नव्हतं. ते बरोबर आहेत असंही म्हणता येत नव्हतं.

म्हणून लिहून राहिलो. दर रविवारी तुझ्याशी भांडायची सवय आहे, ती तेरा दिवसांत जात नाही.

तुझा हा रेडॉन मी पहिल्यांदा पाहिला तो आपल्या मौद्याकडच्या घरात. पाहिला म्हणजे काय, ना रंग, ना वास. तू तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवायचीस आणि सुट्टीत लोकांच्या घरांत प्लास्टिकचे पेले टांगत फिरायचीस. पेल्यात नखाएवढी फिल्म. जमिनीखालच्या दगडामातीत युरेनियमचा अंश असतो, तो फुटत फुटत हा वायू तयार होतो, फरशीच्या फटींतून तो घरात शिरतो. मोकळ्यावर विरून जातो, बंद खोलीत साचतो. आणि श्वासावाटे आत गेला की फुफ्फुसात त्याचे कण फुटतात. हे सगळं तू मायला समजावून सांगत होतीस, स्टुलावर उभी राहून, ज्वारीच्या पोत्यांवर पेला बांधता बांधता.

"हे काय लटकवून राहिली वं? नजर लागू नाही म्हून?" माय म्हणाली.

"जमिनीतून हवा येते माय. ती मोजून राहिली."

"जमिनीतून येईन नाही तं काय आभाळातून येईन? तुले काही कामं नाहीत काय?"

हिवाळाभर तो पेला तिथं लोंबकळत राहिला. माय आल्यागेल्याला सांगायची, पोरगी हवा मोजते, हात लावू नका.

फाल्गुनात तू मला कॉलेजच्या मागच्या खोलीत बोलावलंस. फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवून, धुवून, वाळवून तू सूक्ष्मदर्शकाखाली लावली होतीस. "पाहा," म्हणालीस. मी पाहिलं. पिवळट उजेडात बारीक बारीक भोकं. सुईनं टोचल्यासारखी.

"हे काय आहे?"

"एकेक भोक म्हणजे एकेक अणू. फुटला तिथं खूण ठेवून गेला."

मी डॉक्टर. पेशी पाहिल्या होत्या, जंतू पाहिले होते. पण अणूची खूण? एकट्या, सुट्या अणूची? मी पुन्हा डोळा लावला. तू माझ्या कानाजवळ हळू आवाजात बोलत राहिलीस, देवळात बोलावं तसं. म्हणालीस, याचा मूळपुरुष सूर्याच्याही आधी, कुठल्याशा ताऱ्याच्या मरणात जन्मला. पृथ्वी झाली तेव्हा तिच्यात आला. आपल्या गावाखालच्या दगडात तो गप्प बसून राहिला. समुद्र आले गेले, पश्चिमेकडे लाव्हा येऊन थिजला, सीताबर्डीची टेकडी झाली, हा आपला बसून. मग कधीतरी त्याची पाळी आली. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा होत होत शेवटी वायू झाला. वायू झाल्यावर आयुष्य चारआठ दिवसांचं. तेवढ्यात तो मातीतून वर आला, मायच्या खोलीत शिरला आणि तिच्या ज्वारीच्या पोत्यांवर फुटला.

"आणि हे भोक पहिल्यांदा कोण पाहून राहिलं?" तू विचारलंस. "तू आणि मी."

मला अंगावर काटा आल्याचं आठवतं. मी ते तुला सांगितलं नाही. मी म्हटलं, "बरं, पण यानं होतं काय?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

भांडण तसं साधं होतं. खाणीत खोल काम करणाऱ्या मजुरांच्या छातीत हा वायू भरमसाट जातो, त्यातले कित्येक फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले. यावर तुझंमाझं दुमत नव्हतं. प्रश्न होता घरातल्या थोडक्याचा. तू म्हणायचीस, जास्तीनं जास्त अपाय, तर थोड्यानं थोडा; सरळ रेघ शून्यापर्यंत खाली आणायची. मी म्हणायचो, शरीर म्हणजे काही तुझी फिल्म नाही. पेशी रोज मोडते, रोज स्वतःला सांधते. काही मर्यादेखाली काहीच होत नसेल. परदेशात तर लोक रेडॉनच्या झऱ्यात पैसे देऊन आंघोळ करतात!

"करू दे. करतात म्हणून बरं असतं काय? तंबाखूचा खर्राही खातातच ना लोकं."

"पण तुझी रेघ कोणी पाहिली आहे काय, खालच्या टोकाला?"

"नाही पाहिली. इतका बारीक फरक सिगारेटच्या, चुलीच्या, धुळीच्या गोंधळात धड दिसत नाही. कोणाले दिसतो, कोणाले नाही. पण दिनू, रेघ माझी नाही. ती खोडाले तुझ्यापाशी काही आहे काय?"

नव्हतं. आजही नाही. तुझ्यापाशी ती पक्की करायला नव्हतं, माझ्यापाशी खोडायला नव्हतं. इतक्या वर्षांत शहाण्या शहाण्या माणसांची त्यावरून भांडणं झाली, आणि नंदनवनातल्या तुझ्या घरी आपल्या दोघांची. वरणभात निवून जायचा.

समाजभवनातली ती सभा आठवते? कोणीतरी मोबाइलवर फिरवलं होतं की औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या विटांचं घर म्हणजे कॅन्सरचं घर. आपल्या ले-आउटमधली निम्मी घरं त्या विटांची. लोक घाबरले. डॉक्टर म्हणून मला बोलावलं, तज्ज्ञ म्हणून तुला. मी उभा राहिलो, सांगितलं, घाबरू नका, घरं नीट आहेत, तंबाखू सोडा. टाळ्या पडल्या. मग तू उठलीस. म्हणालीस, "मी जी घरं मोजली, त्यात राखेच्या विटांच्या आणि लाल विटांच्या घरांत मला काही मोठा फरक दिसला नाही. फरक दिसला तो खालच्या मजल्यात आणि वरच्या मजल्यात. बंद खोलीत आणि उघड्या खोलीत. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, एसी खोली कोंडतो. त्यानं पडतो फरक."

मागच्या रांगेतला एक गृहस्थ उठला. गालात खर्रा. "मॅडम, ते सोडा. डेंजर आहे की नाही, तेवढं सांगा ना. हो किंवा नाही."

तू त्याच्याकडे वळलीस. "माहीत नाही," म्हणालीस. "पण किती माहीत नाही ते मले माहीत आहे. ते सांगू काय?"

हॉल हसला. खुर्च्या सरकल्या. तू मात्र सांगत राहिलीस, अर्धी माणसं उठून गेली तरी. घरी येताना गाडीत मी तुझ्यावर चिडलो. "खर्रा तोंडात ठेवून तो माणूस विटेले भिऊन राहिला, आणि तू त्याले म्हणते माहीत नाही! मी उद्या पेशंटले काय सांगू? श्वास घेऊ नका?"

"खिडकी उघडा म्हण," तू म्हणालीस, आणि गाडीची काच खाली केलीस.

मग तुझा खोकला. तू जन्मात सिगारेटला हात लावला नव्हतास. धूळ असेल म्हणून मी औषध दिलं, पाहिलं, मग सीटी स्कॅन करायला लावला. तुझं चित्र माझ्याच पडद्यावर आलं. हजारो पाहिली असतील मी. नाव झाकलं तरी रोग सांगतो. त्या दिवशी नाव झाकता येईना. उजव्या बाजूला वर ती सावली होती. तू माझ्या मागं येऊन उभी राहिली होतीस, आणि मला मान वळवता येईना.

"कुठं आहे, दाखव," तू म्हणालीस.

मी बोट ठेवलं. तू चष्मा वर केलास आणि पडद्याजवळ वाकलीस. त्या मागच्या खोलीत फिल्मवर वाकायचीस, अगदी तशी. मी तुझा चेहरा पाहिला. भीती होती, नाही कशी म्हणू. पण भीतीच्या आधी तिथं कुतूहल येऊन बसलं होतं. तू विचारलंस, ही कड अशी काट्याकाट्यांची काहून आहे? ही रेघ कशाची? ही रक्तवाहिनी का? आणि मी, तुझा धाकटा भाऊ, रडत रडत तुला तुझ्याच फुफ्फुसाचा भूगोल शिकवत होतो.

काही दिवसांनी तुझ्या खोलीत, तू उशीला टेकून बसली असताना, मी म्हटलं, "ताई, तू बरोबर होती." मला वाटलं होतं, इतक्या वर्षांचं भांडण मी तुझ्या ओटीत टाकून देतो. देण्यासारखं माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

तू संतापलीस. दम लागत होता, तरी संतापलीस. "काय बरोबर होती? काहून?"

"तू या खोलीत राहिली. खालचा मजला. कधी सिगारेट नाही..."

"आणि लहानपणी गावात चूल कोण फुंकत होतं? तुझे भाऊजी जन्मभर याच खोलीत धूर सोडत होते, ते विसरला? या रस्त्यावरची धूळ? आणि काहीच कारण नसताना होतो तो? तूच सांगतो ना, कित्येक बायांले होतो म्हणून, कारण सापडत नाही म्हणून? गाठीचा तुकडा तपासला तुम्ही. कोणतं जनुक बिघडलं ते कळलं. कोणी बिघडवलं ते लिहिलं आहे काय त्याच्यावर?"

"नाही."

"मग?" तू श्वास गोळा केलास. "एका ठिपक्यातून कितीही रेघा काढता येतात, दिनू. पाहिजे ती काढता येते. म्हणून तं एका ठिपक्यातून काढाची नसते. मी हजार घरांत असती, मोजलेली, जुळवलेली, तं गोष्ट वेगळी. मी एकटी आहे. मले पुरावा नको बनवू."

ताई, मी खूप माणसं मरताना पाहिली आहेत. देवाला शिव्या देणारी पाहिली, देवाला शरण जाणारी पाहिली. आपल्या आजाराला काहीतरी अर्थ असावा, कोणाचा तरी दोष असावा, म्हणून तडफडणारी तर रोज पाहतो. तुझ्यापाशी अर्थ आयता होता. जन्मभर ज्याच्यासाठी भांडलीस, तेच तुझ्या छातीत उगवलं असं म्हणायची मुभा होती, आणि विरोधी पक्ष हात जोडून हरायला तयार होता. तू तो अर्थ घेतला नाहीस. पुरेसा सिद्ध होत नाही म्हणून परत केलास. मी त्या रात्री घरी जाऊन बायकोला एवढंच म्हणालो, "मले माहीत नव्हतं, माणूस इतका खरा असू शकतो."

तो वार्ताहर आला तेव्हा तू अशक्त झाली होतीस. डोक्याला रुमाल बांधलेला. कुठून त्याला कळलं कोण जाणे. घराघरांत किरणं मोजणाऱ्या बाईंना किरणांनीच गाठलं, अशी त्याची बातमी तयारच होती, फक्त तुझा फोटो आणि एक वाक्य हवं होतं. मी त्याला दारातून परत पाठवणार होतो. तू आतून हाक मारलीस, "येऊ दे गा त्याले. चहा टाकाले सांग."

आणि तू त्याला शिकवलंस. तासभर. मध्ये दोनदा खोकल्याची उबळ आली, तो घाबरून उठायला लागला, तू हातानं बस म्हणालीस. खाणीतले मजूर सांगितलेस, सरळ रेघ सांगितलीस, माझी बाजू तर माझ्यापेक्षा चांगली मांडलीस. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, आपल्या बाजूला इतका दम होता होय!

तो बिचारा शेवटी म्हणाला, "मॅडम, म्हणजे मी लिहू तरी काय?"

"लिहा, की सकाळी खिडक्या उघडा. फटी बुजवा. सिगारेट असेल तं ती आधी सोडा. दोन्ही एकत्र आले की लय वाईट. आणि माझं नाव घेऊ नका."

"पण मग बातमी काय राहिली?"

"तेच म्हणते मी," तू म्हणालीस आणि हसलीस. बातमी छापून आली नाही. चहाचा कप मात्र त्यानं स्वतः उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि जाताना तुझ्या पाया पडला.

आता एक सांगतो. मला अजूनही तुझं पटलेलं नाही. तुझ्या अस्थी घेऊन आम्ही अंभोऱ्याला गेलो. तो नद्यांचा संगम, ते उघडे दगड, खाली पसरलेलं पाणी. भटजी सांगतील तसं मी करत होतो, आणि डोक्यात चाललं होतं की माणसाची जात या दगडांच्या किरणांतच वाढली. पहिला जीव झाला त्याच्याही आधीपासून हे अणू फुटून राहिले. मग शरीरानं त्याच्यावर काही तोड काढलीच नसेल? मुद्दा चांगला होता. तुला ऐकवायला म्हणून मी मान वळवली. तिथं तुझी मुलगी ईरा होती, तुझा कलश रिकामा करून हातात धरलेली. तू काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे. म्हणाली असतीस, तोड काढली असेल, पण पुरती काढली याला काय आधार? तोड काढली म्हणून ऊन लागत नाही काय? एवढं मला तुझ्या आवाजात ऐकू आलं. त्याच्या पुढचं नाही आलं. पुढचं नेहमी तूच सांगायचीस आणि ते कधीच माझ्या अंदाजातलं नसायचं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी ईरा माझ्यापाशी येऊन बसली. सातवा महिना लागला आहे तिला. पाहुणे गेले होते, घर धुवून काढलेलं होतं. तिनं सरळच विचारलं, "मामा, खरं सांगा. आईला या घरानं मारलं का?"

तू तुझ्या खालच्या खोलीत मोजलं होतंस ते तिला माहीत होतं. मलाही. ना फार, ना अगदी कमी. ज्या आकड्याच्या आसपास सगळं जग भांडतं, नेमका तिथला. आधी मी अशा वेळी पेशंटच्या नातेवाइकांना काय सांगत आलो? असं काही नसतं, मनातून काढा, झोप घ्या. ते वाक्य जिभेवर आलंही. पण समोर तुझी मुलगी होती, तुझ्यासारखीच नजर रोखून.

"माहीत नाही," मी म्हटलं.

ती आणखी जवळ सरकली.

"टाळून नाही राहिलो ईरा. खरंच कळू शकत नाही. मलाच नाही, कोणालाच नाही. खूप घरांचं मिळून थोडंफार सांगता येतं. एका माणसाचं नाही. घराचा वाटा असेल, नसेलही. असला तर बहुधा छोटा."

ती रडली. पण ताई, ती मोडली नाही. मला भीती होती की हे उत्तर म्हणजे पायाखालची फळी काढून घेणं. उलटंच झालं. डोळे पुसून ती म्हणाली, "मग बाळंतपणाला इथं राहू?"

"राहा. वरची खोली घे. खालची दारं-खिडक्या दिवसभर उघडी ठेवू. आणि आईच्या पलंगामागच्या कोपऱ्यातली फरशी खचली आहे, तिथं भिंतीपाशी भेग आहे, ती बुजवून घेऊ."

"त्यानं फरक पडेल?"

"थोडा."

"थोडा चालेल," ती म्हणाली.

आज मिस्त्री आला. पलंग सरकवला, खचलेल्या दोन फरश्या उचलल्या. खालची माती ओलसर, तांबूस-काळी. इतकी वर्षं त्या मातीवर तू झोपलीस, पेपर तपासलेस, माझ्याशी भांडलीस. ईरा पोट सांभाळत हळूच खाली बसली आणि तिनं तळवा मातीवर टेकवला. मीही गुडघे टेकले, माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. काहीच जाणवत नव्हतं. गार माती, बस. पण तू जन्मभर मोजलंस ते आमच्या बोटांमधून त्याच क्षणी वर येत होतं, सूर्याहून जुनं, कोणाचं भलं-वाईट न जाणणारं; आणि मला भीती वाटायला हवी होती, नाहीतर राग तरी यायला हवा होता. दोन्हीपैकी काही येईना. मी नुसता हात ठेवून बसलो.

मिस्त्री सिमेंट कालवून मागं उभा होता. "डाक्टरसाहेब, भरू काय? माल सुकून राहिला ना."

"थांब गा," मी म्हटलं. "एक मिनिट."